दहा वर्षांची जागा

"झालं ना बघून? मग उडव!"

काकू एवढं म्हणायच्या आणि अंगठ्याने हवेतच एक फटकारा मारायच्या. हातात फोन असो वा नसो. मी त्यांना माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो दाखवत होते, तर प्रत्येक फोटोनंतर तो अंगठा हललाच. छान आलाय, उडव. हाही छान, हाही उडव. मला असा संताप आला! म्हटलं, "अहो काकू, वाढदिवस परवा झालाय. केक अजून फ्रिजमध्ये आहे."

"केक आहे ना? मग फोटो कशाला हवाय? आण, खाऊ."

आणि उभ्या उभ्याच केक खाल्ला. बसणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. दारातून आत येतानाच "निघते गं मी" म्हणायच्या आणि मग तासभर स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून चहा प्यायच्या, माझ्या डब्यांची झाकणं घट्ट करायच्या, कढीपत्त्याची सुकलेली पानं वेचून टाकून द्यायच्या. पायाला भिंगरी म्हणतात ना, ती मी याच बाईच्या पायाला पाहिली. अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. आपण दमतो, ती नाही दमत.

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी बँकेत नोकरीला, घरी नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळ गाव साताऱ्याकडचं. पेन्शन घेऊन गप्प बसण्याऐवजी ते गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत सिक्युरिटीचे मोठे साहेब झाले होते. रोज सकाळी कंपनीची कॅब त्यांना न्यायला यायची. एकुलता एक मुलगा पुण्याला. सोसायटीतले मराठी लोक काकूंना मागे 'सुभेदारीणबाई' म्हणायचे. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्यांनी एक फोन विकत घेतला, त्याची खरं तर ही आठवण. पण फोन कळायला आधी पेट्या कळायला हव्यात.

सव्वीस वर्षांत अकरा बदल्या. अंबाला, जोरहाट, जैसलमेर, पुन्हा अंबाला. फौजी घरांत सामान खोल्यांनी मोजत नाहीत, पेट्यांनी मोजतात. काळ्या लोखंडी पेट्या, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. काकूंचा नेम आठ पेट्यांचा. नववी पेटी घ्यायची नाही म्हणजे नाही. नवीन कुकर आला की जुना कुणाला तरी दिलाच. मुलाचा पाळणा जोरहाटला दिला, शिवणाचं मशीन जैसलमेरला, मुलाचे शाळेतले कप अंबाल्याला. "अडगळ गं नुसती!" माझी मुलगी जन्मापासून दिल्लीत वाढलेली, 'अडगळ' हा शब्द तिने काकूंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला आणि मग माझ्या सगळ्या कपाटांना लावला. तिचं काही चुकलं नाही. मी काहीच टाकू शकत नाही, रबरबँडसुद्धा.

द्वारकेतलं घर त्यांचं स्वतःचं. नऊ वर्षं झाली होती राहायला येऊन. पण भिंतीला एक खिळा नाही. कॅलेंडर फ्रिजवर उभं केलेलं. फोनचंही तसंच. मुलाने कधीतरी दिलेला आठ जीबीचा जुना फोन, त्यात रोज संध्याकाळी झाडू मारल्याप्रमाणे साफसफाई. गणपतीचे फोटो विसर्जनाच्या आत गायब. माझा फोन सदा भरलेला असायचा, तर तो हिसकावून त्यातले सुप्रभात उडवायला बसायच्या. बसायच्या कुठल्या, उभ्याच!

दुसरी सवय, समोरच्याच्या तोंडातलं वाक्य काढून घेण्याची. भाजीवाल्याने "आंटी, टमाटर आज—" म्हणावं, की ह्या, "महंगा है, पता है, आधा किलो दो." माझा नवरा बोलायला सावकाश. "काकू, मला असं वाटतं—" इथपर्यंत तो येईतो त्यांनी त्याला काय वाटतं ते सांगून, ते कसं चूक आहे तेही सांगितलेलं असायचं. सुभेदारकाकांच्या वतीने तर त्याच बोलायच्या. "ह्यांना साखर कमी." "ह्यांना पंखा नको." काका मिशीत हसत बसून राहायचे. एकदा मी थट्टेने विचारलं, "काका, तुम्हाला घरात बोलायला मिळतं का हो?"

"सव्वीस वर्षं ऑर्डरी दिल्या," काका म्हणाले, "आता ऐक—"

"ऐकायची सवय लावून घेतायत," काकू म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी कॅबची वाट बघत काका बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तिथेच कलंडले. तीन आठवड्यांनी इस्पितळातून घरी आले, तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेली होती. समजत सगळं होतं. डोळे लख्ख. पण तोंडातून एकच आवाज निघायचा: ता. पाणी म्हणजे ता, चहा म्हणजे ता, बायको म्हणजेही ता. मी पहिल्यांदा भेटायला गेले, तेव्हा त्यांनी मला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला आणि नुसतं "ता… ता…" झालं. मग त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. मी घरी येऊन ढसाढसा रडले.

वाचा परत आणायला एक मुलगी यायची. मुनिरकेत खोली घेऊन राहणारी, पोरगेलीशी थेरपिस्ट. आठवड्यातून तीनदा मेट्रोने यायची. तिने काकूंना दोन नियम घालून दिले. एक, तेच ते दहा शब्द रोज म्हणून घ्यायचे आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवायचा, म्हणजे ती नसतानाचं तिला बघता येईल. आणि दुसरा, "आंटी, आप उनकी जगह नहीं बोलेंगी. मन में बीस तक गिनिए. चाहे जो हो जाए."

अहो, त्या बाईला वीसपर्यंत थांबायला सांगणं! मी पाहिलंय ना. काका "पा… पा…" करत असायचे आणि काकू पदराचं टोक दातात धरून, पायाचा अंगठा जमिनीवर आपटत उभ्या. अगदीच असह्य झालं की तीरासारख्या बाल्कनीत जायच्या आणि दोरीवरच्या ओल्या टॉवेलला सांगायच्या, "पाणी! पाणी म्हणा की हो! पाणी!" मग परत येऊन एकापासून मोजायला सुरुवात.

पण नियम पाळला, अगदी फौजी शिस्तीत. व्हिडिओही रोज काढला. थेरपीवाली आली की दाखवायचा, ती मान डोलावून कागदावर खुणा करायची. आणि ती जिना उतरते न उतरते तोच काकूंचा अंगठा चालायचा. तो फोनच तसला. तीन-चार व्हिडिओ झाले की 'जागा नाही' म्हणून ओरडायला लागायचा. मुलाने पुण्याहून मोठा फोन पाठवतो म्हणून दहादा सांगितलं. "काही नको, ह्यात भागतंय," हेच उत्तर. कालचा व्हिडिओ आज ठेवून करायचं काय, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

जून आला. बाहेर लूचा गरम वारा चाललेला आणि घरात वेगळाच ताप सुरू झाला. काकांनी शब्द म्हणायचं बंद केलं. काकूंनी फोन समोर धरला की डाव्या हाताने तो बाजूला सारायचे आणि खिडकीकडे तोंड करून बसायचे. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. खरं म्हणजे त्यांना तोवर पाच-सहा शब्द यायला लागले होते. आम्हाला ते ऐकू यायचे, त्यांना मात्र न येणारेच ऐकू यायचे. आपण आहोत तिथेच आहोत, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

थेरपीवाली घाबरली. तिने स्वच्छ सांगितलं, आत्ता सोडलं तर आलेले शब्दही जातील. मग म्हणाली, "उनको पहले हफ़्ते का वीडियो दिखाइए ना. ख़ुद देखेंगे तो मान जाएँगे."

पहिल्या आठवड्याचा व्हिडिओ! काकू वर माझ्याकडे आल्या आणि चक्क सोफ्यावर बसल्या. मला वाटलं, खाली काहीतरी भयंकर झालं.

"मी उडवले गं. सगळे उडवले."

आता अशा वेळी माणसाने धीर द्यावा की नाही? मी कसली देतेय! उचलली जीभ लावली टाळ्याला. "काकू, पाळणे-कुकर समजू शकते मी. पण हे? अहो, एवढी तरी अक्कल—" वाक्य पुरं करायचं धाडस झालं नाही. पहिल्यांदाच त्यांनी माझं वाक्य तोडलं नव्हतं. नुसत्या ऐकून घेत होत्या. त्याची लाज मला आजही वाटते.

मग मी माझा फोन उपसला. अकरा हजार फोटो निघाले. दुसऱ्यांच्या थाळ्या, पार्किंगच्या पावत्या, कुणाकुणाचे सुप्रभात. काकांचा एक आवाज नाही. मार्केटमधल्या मोबाईलवाल्याकडे जुना फोन घेऊन गेलो, त्याने अर्धा तास काहीतरी खुडबुड केली आणि मान हलवली. थेरपीवालीकडे तर नुसत्या खुणांचे कागद. काकांना ते कागद दाखवले, त्यांनी बघितलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाटीभर साबुदाण्याची खीर घेऊन खाली गेले. काका खिडकीकडे तोंड करून. काकूंनी स्टूल ओढलं, बरोबर त्यांच्या आणि खिडकीच्या मध्ये ठेवलं आणि त्यावर बसल्या. गुडघ्याला गुडघा टेकला.

"इकडे बघा. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. पाणी." आणि तोंड एका बाजूला वाकडं करून, "ता… ता… ता…"

 आजाऱ्याची नक्कल, तीही त्याच्या तोंडावर! म्हटलं, काकू, पुरे. त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

"मार्च. होळीच्या आदल्या दिवशी. पाणी." पुन्हा तोंड वाकडं, डावी मूठ मांडीवर आपटत, "पा… ता. पा… ता." ओठाच्या कोपऱ्यातून आलेली लाळ पदराने पुसली, ती काका पुसायचे तशीच. "होळीनंतर, त्या मंगळवारी. चहा. ता-हा… ता-हा." एकेक दिवस, एकेक शब्द. कुठल्या दिवशी कुठे अडले, कधी चिडले, कधी रडले. अंगठ्याने जे जे पुसलं होतं, ते सगळं त्या बाईच्या डोक्यात जसंच्या तसं होतं! मी वाटी हातात घेऊन तशीच उभी.

काका लाल झाले होते. मिशी थरथरत होती. काकू एप्रिलवर आल्या. "चप्पल. तुम्ही काय म्हणायचात? तप्पल. तप्पल. तप्प—"

काकांनी खुर्चीच्या हातावर थाड्‌कन चापट मारली.

"खो…टं!"

काकू थांबल्या. काकांनी डावं बोट त्यांच्यावर रोखलं आणि माझ्याकडे, हो, माझ्याकडे बघून तक्रार केली, "ही… खोटं… बोलते!"

एका मागोमाग एक तीन शब्द. आणि त्यांतला एकही त्या दहांमधला नव्हता.

"मी खोटं बोलते? मग कसं म्हणायचात? म्हणून दाखवा ना!"

"चप्पल!" काका ओरडले. लख्ख, साफ, परेड मैदानावर ओरडावं तसं.

मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. ते माझ्याकडे बघायला लागले, मग काकूंकडे. काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसत होत्या की रडत होत्या, मला विचारू नका, माझीच तीच गत होती. खीर त्या दिवशी कुणी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवसापासून शब्द पुन्हा सुरू झाले.

त्याच रविवारी काकू म्हणाल्या, "चल, फोन घेऊ." आम्ही तिघं सेक्टरच्या मार्केटमध्ये गेलो. काकांच्या हातात काठी, एका बाजूला त्या, एका बाजूला मी. दुकानदार तरुण, केसांना जेल, बोलायला पटाईत.

"कितने जीबी का दिखाऊँ, आंटी?"

"बत्तीस." त्याचं वाक्य संपायच्या आत.

काय कामाला हवाय म्हणून त्याने विचारलं, काकूंनी सांगितलं. रोज दोन मिनिटं, आणि यातलं काहीही पुसायचं नाही. त्याने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "देखिए, बत्तीस में एक साल निकल जाएगा. चौंसठ में तीन के आसपास. एक सौ अट्ठाईस में पाँच-छह मान लीजिए. और ये दो सौ छप्पन, इसमें दस साल की छुट्टी! अब आप बताइए, कितने साल का चाहिए?"

त्या पोराला काय माहीत, त्याने काय विचारलं ते! काकू नुसत्या काचेखालच्या फोनांकडे बघत राहिल्या. थेरपीवालीला हाच प्रश्न त्यांनी दहादा विचारला होता: किती वर्षं लागतील, किती वर्षं मिळतील. तिने दर वेळी खांदे उडवले होते. दुसरा झटका येऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतंच.

"बत्तीसच दे," काकू पुटपुटल्या. आणि मला मराठीत, हळूच, "जास्त मागू नये गं. नजर लागते. एक वर्ष धड गेलं तरी पुष्कळ."

तेवढ्यात काकांनी काचेवर काठी टेकवली. "दो…"

"दो फ़ोन, अंकल?"

"चुप!" काकू कडाडल्या. "बोलने दीजिए उनको!"

मागे एकाला स्क्रीनची काच बदलायची होती, एकाला चार्जर हवा होता, त्यांची चुळबुळ सुरू झाली. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्या मोजत होत्या, मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं.

"दोन… दोनशे…" काका थांबले. पुढचा छ काही केल्या येईना. तोंडात त येत होता. "त… त…" डोळे मिटले, ओठ पुसले, पुन्हा सुरुवात. दुकानात पंख्याचा आवाज तेवढा. वीस झाले असतील, चाळीस झाले असतील. एक शब्द होता, आणि तो काकूंच्या अगदी जिभेवर होता. त्यांनी तो नाही दिला. पदर नाही चावला, अंगठा नाही आपटला. नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

"छप्पन्न," काका म्हणाले.

"दो सौ छप्पन!" दुकानदार खूश. "दस साल, अंकल!"

काकूंनी घासाघीससुद्धा केली नाही. घरी येताना मात्र तोंडाचा पट्टा सुरू. "दहा वर्षं! एवढं काय बोलायचं राहिलंय हो तुम्हाला?"

"खूप," काका म्हणाले.

आणि बोलले की! थंडीपर्यंत दहा शब्द कधीच मागे पडले आणि व्हिडिओत भांडणं भरायला लागली. काका म्हणायचे भाजीत मीठ नाही, काकू म्हणायच्या आहे, दोन मिनिटं संपायची. भाजीवाल्याला काका स्वतः "महंगा है" म्हणाले, तो व्हिडिओ काकूंनी सगळ्या जिन्याला दाखवला. मी पाच वेळा बघितला. दर वेळी शेवटाला तोच तो हवेतला अंगठा येणार म्हणून मी वाट बघायची. तो आला नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात काका गेले. दोन दिवसांत. मी बँकेत होते, मुलीचा फोन आला. टॅक्सीतून येताना मी दुकानातल्या त्या पोराला शिव्या घालत होते, का ते मलाच माहीत नाही. त्याने दहा वर्षं म्हटलं होतं.

मुलाने पुण्याला चला म्हटलं, काकूंनी गावी जायचं ठरवलं. फ्लॅट एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याला भाड्याने दिला. सकाळची वेळ होती. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेलेला. निजामुद्दीन स्टेशनला जायला टॅक्सी आली होती, मुलगा ड्रायव्हरबरोबर डिकीत बॅगा ठेवत होता. काकूंनी पर्समधून फोन काढून माझ्या हातात दिला.

"किती भरलाय बघ गं. मला ते सापडत नाही."

मी सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. लांबलचक पट्टी, डाव्या टोकाला जराशी निळी, पुढे सगळी कोरी.

"खूप जागा आहे, काकू."

"आकडा सांग."

"अठ्ठावीस. दोनशे छप्पन्नातले अठ्ठावीस."

त्यांनी फोन घेतला, पर्समध्ये ठेवला, चेन लावली. मुलाने टॅक्सीचं दार उघडून धरलं होतं. त्या माझ्या हातावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बत्तीसमध्ये मावलं असतं गं," म्हणाल्या, आणि टॅक्सीत बसल्या.